गुहेतला लवणस्तंभ आणि जुन्या दुष्काळांचा हिशेब

देशभरच्या पावसाची सलग आकडेवारी १८७१ पासून मिळते. त्याआधीचा पाऊस शोधायचा, तर चुनखडीच्या गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यामुळे जमिनीवरून वर वाढलेला लवणस्तंभ गाठावा लागतो. त्याच्या थरांतल्या हलक्या आणि जड ऑक्सिजनच्या प्रमाणावरून पावसाचा अंदाज येतो. महाराष्ट्राचा बहुतेक कातळ बेसॉल्टचा, म्हणून त्यासाठी जायचं बस्तरच्या दंडक गुहेत किंवा मेघालयातल्या मॉम्लुहला.

गुहेचं तोंड अरुंद हवं आणि आतली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर. आत वारा खेळत असेल तर ठिबकणाऱ्या पाण्याची वाफ होते, हलका ऑक्सिजन आधी उडून जातो आणि चांगल्या पावसाचं वर्षही दुष्काळी दिसतं. स्तंभ मेणबत्तीसारखा, बुडापासून शेंड्यापर्यंत एकाच जाडीचा बघावा. शक्यतो आधीच मोडून पडलेला घ्यावा. दंडक गुहा राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

डायमंड ब्लेडने स्तंभ उभा, बरोबर मध्यरेषेवर चिरा आणि कापलेली बाजू घासून चकचकीत करा. वय युरेनियम-थोरियम पद्धतीने निघतं, म्हणजे थरातल्या युरेनियमचं किती थोरियम झालं त्यावरून. दर काही सेंटिमीटरवर, थराला धरून, साधारण १०० मिलिग्रॅम पूड काढा. तपकिरी, मातकट पट्टे टाळा, कारण मातीबरोबर आलेलं थोरियम वय फुगवतं.

ऑक्सिजनच्या नमुन्यासाठी अर्ध्या मिलिमीटरचं ड्रिल घ्या. १०० मायक्रोग्रॅम पूड पुरते, ती सुईच्या टोकावर मावेल. दर नमुन्यानंतर ड्रिल आणि पृष्ठभाग हवेच्या झोताने साफ केला नाही, तर खालच्या थराची पूड वरच्यात जाते आणि चढउतार बोथट होतात.

आता हिशेब. स्तंभ वर्षाला ०.१ मिलिमीटर वाढला असेल तर अर्ध्या मिलिमीटरच्या एका नमुन्यात ५ वर्षं येतात. १८७६-७७ सारखा मोठा दुष्काळही त्यात निम्म्याहून जास्त पुसला जाईल. १३९६ पासून बारा वर्षं चालला असं परंपरा सांगते, तो दख्खनचा दुर्गादेवीचा दुष्काळ मात्र पकडता येतो. दंडकच्या नोंदीत चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाऊस दशकानुदशकं क्षीण दिसतो. पण वयात १५ वर्षं इकडेतिकडे असतील, तर तो आणि हा दुष्काळ एकच, असं ठासून म्हणू नये.

जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८, जास्त, तर पाऊस कमी, हा मध्य भारतातला ढोबळ नियम. फसगत होते ती स्तंभाच्या वाढीत पडलेल्या खंडात. पाणी ठिबकायचंच थांबलं तर स्तंभ वाढत नाही, म्हणजे सगळ्यात वाईट दुष्काळ नोंदीतून गायब. भिंगाखाली मातीची बारीक रेघ किंवा विरघळून खडबडीत झालेला थर दिसला, की त्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे वय काढा. आलेखात रेघ जोडून मोकळी जागा भरणं हा सरळसरळ खोटेपणा.

एका गुहेवरून अख्ख्या देशाचं अनुमान काढू नये. पावसाळ्यात खंड पडतो तेव्हा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो. मध्य भारत कोरडा राहतो आणि ईशान्येला धो-धो कोसळतो. असे खंड वर्षानुवर्षं वाढले तर दंडक आणि मेघालयाचे आलेख उलटसुलट जातात, आणि दोन्ही बरोबर असतात. शिवाय मेघालयात ऑक्सिजनच्या आकड्यावर बाष्प किती लांबून आलं याचाही परिणाम असतो, म्हणून बस्तरचा नियम तिथे जसाच्या तसा लावायचा नाही.

पडताळ्याला लोणार आहे. सरोवराच्या गाळात गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक सापडले, की त्या काळात पाणी आटून फार खारट झालं होतं असं समजावं. साधारण ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचे लांब कोरडे काळ तिथे दिसतात. मॉम्लुहचा ४२०० वर्षांपूर्वीचा दुष्काळ पहिल्यात बसतो. गाळाचं कार्बन-वय मात्र चिखलावरून काढू नका. सरोवरातल्या जुन्या कार्बनमुळे ते जास्त येतं. काठावरून वाहून आलेलं पान किंवा काटकी शोधा.