कॅसेटच्या पाठीवरचा इतिहास

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या, माहितीपट आणि दूरचित्रवाणी मालिका करणाऱ्या एका छोट्या निर्मितीसंस्थेत मी उमेदवारीला लागलो, तेव्हा पहिले दोन महिने मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. कपाटातल्या बीटाकॅम, म्हणजे व्यावसायिक चित्रीकरणाच्या व्हिडिओ फितींच्या, कॅसेटींची नोंदवही तयार करणे एवढेच काम माझ्याकडे होते. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर बॉलपेनने तारीख, ठिकाण, कॅमेरामनची आद्याक्षरे आणि ‘रशेस’ (कच्चे चित्रीकरण) की ‘मास्टर’ (संकलित अंतिम प्रत) असे लिहिलेले असे. भाड्याचा कॅमेरा जाऊन स्वतःचा कधी आला, कोणते काम पैसे थकल्यामुळे सातव्या भागाशी थांबले आणि दोन भागीदारांपैकी एकाचे अक्षर कोणत्या कॅसेटनंतर दिसेनासे झाले, हे मला त्या ओळींवरूनच कळले.

भागीदारीचा प्रश्न या व्यवसायात पहिल्यापासून आहे. आमच्याच शहरातल्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिल्या चित्रपटाच्या भांडवलासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या. पुढे पैसेवाले भागीदार मिळाले, पण मतभेदांमुळे त्यांच्यासोबतच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीतून ते काही काळ बाहेर पडले. १९२९ मध्ये कोल्हापुरात पाच भागीदारांनी काढलेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि १९४२ मध्ये त्या पाचांपैकी एक, दिग्दर्शक व्ही. शांताराम, तिच्यातून वेगळे झाले. म्हणून एखादा भागीदार बाहेर पडल्यास जुन्या कामाचे हक्क कोणाकडे राहतील, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो.

हक्कांच्या बाबतीत आम्ही मोठी किंमत मोजली. एका वाहिनीसाठी आम्ही तेरा भागांची मालिका केली. संकल्पना आमची होती, परंतु कराराचा मसुदा नीट न वाचता सही झाली. काही वर्षांनी त्यातली लोककलावंतांची दृश्ये माहितीपटात घ्यायची वेळ आली, तेव्हा ती आमची राहिलेली नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, मोबदला देऊन चित्रपट करवून घेणारा हाच त्याचा पहिला मालक ठरतो. हक्क लेखी सोपवताना मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षांची धरली जाते. नोकरीच्या पहिल्याच भेटीत, संस्थेच्या कामांचे हक्क कोणाकडे आहेत आणि श्रेयनामावलीत आपले नाव येईल का, हे नवोदितांनी संकोच न करता विचारावे.

जुलै २०१९ च्या अतिवृष्टीत आमच्या कपाटाच्या खालच्या दोन फळ्या भिजल्या. कॅसेटी उघडल्या तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. बीटाकॅमचे तंत्र तोवर मागे पडले असल्यामुळे चालू स्थितीतला डेक, म्हणजे त्या कॅसेटी चालवणारे यंत्र, मिळवायलाच आम्हाला कित्येक आठवडे लागले, आणि तोवर काही फिती एकमेकींना चिकटून गेल्या. आता प्रत्येक चित्रीकरणाच्या दोन प्रती आम्ही त्याच रात्री काढतो. त्यांतली एक दुसऱ्या घरी, वरच्या मजल्यावर जाते, आणि हार्ड डिस्कच्या पाठीवर अजूनही बॉलपेननेच तारीख, ठिकाण आणि कॅमेरामनची आद्याक्षरे लिहिली जातात.