बाग काढलेल्या रानात मेथी टाकण्याआधी

आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षबाग काढली की बरेच जण आधी भाजीपाला घेतात. आम्हीही मेथी टाकली. बोटभर वाढली आणि थांबली. शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. दीर म्हणाले, "वहिनी, युरिया फेका." मी सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारली. पिवळेपणा आणखी वाढला.

मग चार रोपं उपटून मुळं धुतली. आखूड, जाडसर, तपकिरी, तंतुमुळं नावालाच. तिथं तांब्याचा संशय आला, कारण द्राक्षांवर वर्षानुवर्षं बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, फवारलेलं असतं. हिशेब करून बघा: 1 टक्का बोर्डो एकरी 400 लिटर म्हणजे 4 किलो मोरचूद, त्यात पाव हिस्सा तांबं, म्हणजे 1 किलो. वर्षाला 4 फवारण्या धरल्या तर 15 वर्षांत 60 किलो! ते पाण्याबरोबर फारसं खाली जात नाही, वरच्या वीतभर मातीतच बसतं. मेथीची मुळंही तिथंच.

तांबं जास्त झालं की मुळांना लोह घेता येत नाही. लोहाविना हरितद्रव्य बनत नाही, आणि त्यासोबत कॅरोटीनही घटतं, ज्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. बरंचसं तांबं मुळंच अडवून धरतात, पानात कमी चढतं. पण लेकरांच्या ताटात मेथी वाढायची ती अ जीवनसत्त्वासाठीच ना? पिवळ्या जुडीत तेच कमी.

म्हणून आधी कुंडीत बघा. एकीत बागेच्या ओळीतली माती, दुसरीत फवारा न पोचलेल्या कडेची. दोन्हींत मेथी पेरा, 3 आठवड्यांनी मुळं धुऊन शेजारी ठेवा. फरक दिसला तर माती प्रयोगशाळेत द्या आणि सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा, म्हणजे पीएच), तांबं, लोह, जस्त, मंगल (मँगनीज) हे सगळं तपासायला सांगा. नमुना प्लास्टिकच्या घमेल्यात गोळा करा. जस्ताच्या पत्र्याची बादली वापरली तर जस्ताचा आकडा चुकतो.

तांबं जास्त निघालं तर खोल नांगरट करून वरची माती खालच्या मातीत मिसळा. चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर घाला, ते तांब्याला धरून ठेवतं. ड्रिपमधून आम्ल सोडू नका. सामू उतरला की बांधलेलं तांबं मोकळं होतं. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पुडीवरचं लेबल वाचा, मिश्रणात तांबंही असतं. मी वाचलं नव्हतं. लोह द्यायचं तर एकटंच द्या, आणि आपल्या चुनखडीच्या रानात जमिनीतून देताना ईडीडीएचए चिलेटच घ्या (चिलेट म्हणजे लोह धरून ठेवणाऱ्या संयुगात बांधलेलं लोह). ईडीटीएचं तिथं टिकत नाही.

पुढच्या खेपेला पुन्हा त्याच दोन कुंड्या भरा.