पहिल्यांदाच क्रूझला निघालाय? बेळगाव-सीमाभागातून निघणाऱ्यांसाठी तयारीची यादी

क्रूझचं ठरलं की घरात पहिली चर्चा कपड्यांची होते. कपडे राहू देत, आधी कागदांची पिशवी काढा. जहाजावर चढल्यावर माणसाला फारसं काही करावं लागत नाही. जे अडतं ते बंदराच्या दारात अडतं. आपल्या भागातल्या लोकांचं घोडं तिथं बहुधा नावावर अडतं. शाळेचा दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये आणि आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग कन्नडवरून उतरवलेलं, असं आपल्याकडं सर्रास असतं. मग एकाच माणसाचं नाव एका कागदावर परशराम, दुसऱ्यावर परशुराम. आनंदच्या शेवटी जास्तीचं अक्षर लागून तो आनंदा होतो. काहींच्या कागदावर आडनावच नसतं, नुसती आद्याक्षरं. गावात हे कुणी विचारत नाही, चेक-इनच्या खिडकीवर मात्र विचारतात. म्हणून तिकीट काढताना आपलं नाव तोंडी सांगू नका. ज्या ओळखपत्रावर प्रवास करणार त्याचा फोटो पाठवा आणि आलेलं तिकीट अक्षर न अक्षर ताडून बघा.

दुबईहून सुटणारी क्रूझ घेणार असाल तर आणखी एक गोष्ट. पासपोर्टवर एकच शब्द आहे, म्हणजे नाव आहे पण आडनावाची जागा कोरी आहे, अशा प्रवाशाला संयुक्त अरब अमिरातीनं नोव्हेंबर 2022 पासून व्हिजिट व्हिसावर प्रवेश बंद केलाय. घरातल्या वडीलधाऱ्यांचे जुने पासपोर्ट या एका गोष्टीसाठी आजच उघडून बघा. मुदतही बघून घ्या. परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने शिल्लक हवेत. पासपोर्ट नवा काढायचा तर पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र बेळगावातच आहे, पण पोलीस पडताळणी आणि नावाची दुरुस्ती धरून दोन-तीन महिने हाताशी ठेवलेले बरे. आधी बुकिंग आणि मग पासपोर्ट, ही उलटी वरात काढू नका.

सिंगापूरच्या क्रूझमध्ये व्हिसाची एक मेख असते. जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन पुन्हा सिंगापूरलाच लागतं, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा प्रवेश करता. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे एजंटला स्पष्ट विचारा. वाटेतल्या प्रत्येक बंदराच्या देशाचा नियमही वेगळा विचारा. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाऊन येणार असाल तर सरकारी फोटो ओळखपत्र चालतं. लक्षद्वीपला प्रवेशाचा परवाना लागतो. तो कंपनी काढते की आपल्याला काढायचाय, ते बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या.

समुद्र आपल्याला वाटतो तितका परका नाही. एकेकाळी वेंगुर्ला हेच बेळगावचं बंदर होतं, आंबोलीचा घाट चढून माल इकडं यायचा; हिंडलग्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आपण आजही वेंगुर्ला रोडच म्हणतो. आता मात्र जहाज धरायला मुंबई गाठावी लागते. इथं माझा आग्रह आहे: आदल्या दिवशी पोहोचा. रात्रीची स्लीपर बस सकाळी मुंबईत सोडते आणि जहाज दुपारनंतर निघतं, तेव्हा कागदावर हिशेब बरोबर बसतो. पण खंबाटकीत एखादा ट्रक आडवा झाला किंवा पनवेलच्या पुढं खोळंबा झाला की तो बिघडतो. जहाज सुटायच्या साधारण तास-दीड तास आधी चेक-इन बंद होतं आणि नंतर आलेल्याला घेत नाहीत. पुढची बस, पुढची गाडी असला प्रकार समुद्रात नसतो, पैसेही बहुधा बुडतात. मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, सीएसएमटीपासून टॅक्सीनं जवळच. तिथल्या आसपास एक रात्र काढायचा खर्च तिकिटातच धरा. एजंटला हेही विचारा, की गोव्यात मुरगाव बंदरावरून चढता येणारी फेरी आहे का. असली तर आपल्याला सोन्याहून पिवळं. चोर्ला उतरून वास्को तीन-चार तासांत येतं.

महिना निवडताना पावसाळा टाळा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. ऑक्टोबर ते मे हा आपल्या किनाऱ्यावरचा हंगाम, त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र बराच शांत.

मळमळीची धास्ती प्रत्येकाला असते. चोर्ल्यात किंवा आंबोलीत ज्यांना गाडीत लिंबू हुंगत बसावं लागतं, त्यांनी ती गंभीरपणे घ्यावी. बाकीच्यांनी उगाच बाऊ करू नये. मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंनी पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळं डोलणं पुष्कळ कमी होतं. त्रास होतो तो कानातला तोल आणि डोळ्यांना दिसणारं दृश्य यांचा मेळ न बसल्यामुळं. म्हणून केबिनमध्ये मोबाइल बघत पडलं की वाढतो, आणि डेकवर येऊन क्षितिजाकडं बघत उभं राहिलं की उतरतो. केबिन निवडतानाच खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची घ्या. टोकाला आणि वरच्या मजल्यांवर हलणं जास्त जाणवतं. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, उलटी झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. तिनं झोप येते आणि दारूबरोबर ती चालत नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय ती घेऊच नये. आल्याची वडी खिशात असू द्या.

केबिन म्हणजे हॉटेलची खोली, अशी कल्पना करून गेलात तर हिरमोड होईल. चौघांच्या केबिनमध्ये दोन पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येतात आणि चारही बॅगा उघडायला जागा उरत नाही. बाल्कनीचे जादा पैसे द्यावेत का? नवराबायको निवांत जाणार असतील तर द्यावेत. पोराबाळांसह जाणाऱ्यांनी आतली, बिनखिडकीची केबिन घेऊन पैसे वाचवावेत, कारण मुलं केबिनमध्ये थांबतच नाहीत. मजल्यांचा नकाशा बघून वर जलतरण तलाव किंवा खाली डिस्को नाही एवढी खात्री करा.

जाहिरातीतला आकडा बहुधा माणशी असतो आणि तोही दोघांनी केबिन वाटून घेतली तर. त्यावर बंदर शुल्क, जीएसटी, टिप, विमा आणि किनाऱ्यावरच्या सहलींचा खर्च चढतो. एकट्याला रिकाम्या पलंगाचेही पैसे पडतात. टिप ही आपल्याकडच्या हॉटेलसारखी मर्जीची बाब नसते; परदेशी जहाजांवर रोज माणशी ठरावीक डॉलर आपोआप खात्यावर टाकतात. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर कापतात, त्याची पावती जपून ठेवा, म्हणजे प्राप्तिकराच्या विवरणपत्रात ती रक्कम वळती करता येते. जहाजावर रोख चालत नाही. केबिनचं कार्डच किल्ली, ओळखपत्र आणि पाकीट असतं. खरेदी त्यावर चढत जाते आणि शेवटी क्रेडिट कार्डावर येते. रोज रात्री हिशेब बघायची सवय ठेवा, विशेषतः मुलांच्या हातात कार्ड दिलं असेल तर. बुफेतलं जेवण तिकिटातच असतं. शीतपेयं, स्पेशल रेस्टॉरंट आणि वायफाय यांचे पैसे बहुधा वेगळे. दारूचं पॅकेज घ्यायचं तर बऱ्याच कंपन्या एका केबिनमधल्या सगळ्या मोठ्या माणसांना ते घ्यायला लावतात. घरातला एकच पिणारा असेल तर सुट्टं बिल परवडतं.

मोबाइल बंदर सोडतानाच एअरप्लेन मोडवर टाका. किनारा मागं पडला की फोन गुपचूप जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला चिकटतो आणि एका व्हिडिओचं बिल बघून डोळे पांढरे होतात.

आता खाण्याचं. डबे भरून निघायची आपली रीत इथं आवरावी लागते. घरी केलेलं अन्न बहुतेक जहाजं आत घेत नाहीत. कंपनीचं सीलबंद पाकीट चालतं. कुंदा न्यायचाच असेल तर दुकानातला सीलबंद न्या आणि परदेशी बंदरावर उतरताना तो केबिनमध्येच ठेवा. दुबईला जाणाऱ्यांनी खसखस घरीच ठेवावी. तिथं ती बंदी घातलेल्या पदार्थांत मोडते, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतले अनारसेसुद्धा गोत्यात आणू शकतात. तंबाखू मळणाऱ्यांनी सिंगापूरच्या आधी सवय सोडावी. खायची तंबाखू तिथं बेकायदा आहे. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवा, आयत्या वेळी सांगितलं की सॅलडवर भागवावं लागतं. इस्त्री, चहाची किटली, पाणी तापवायची कॉइल, मेणबत्ती, उदबत्ती आणि निरांजन, यातलं काहीच आत सोडत नाहीत, कारण जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची. देवापुढं दिवा लागतोच असं म्हणणाऱ्या आजींना बॅटरीची पणती घेऊन द्या.

आजींचंच पुढं सांगायचं तर औषधं, चष्मा, चिठ्ठ्या आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात आणि त्या केबिनपाशी यायला संध्याकाळ होते. गरोदर बाईचे प्रवास संपेपर्यंत 24 आठवडे पूर्ण होत असतील तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत. तान्ह्या बाळाला साधारण सहा महिने पूर्ण झालेले लागतात. जहाजावर डॉक्टर असतो पण त्याचं बिल मोठं असतं, आणि भर समुद्रातून हॉस्पिटलला हलवायची वेळ आली तर खर्चाला पारावार नाही. विमा काढताना वैद्यकीय स्थलांतर त्यात आहे का ते वाचा. पोटाचे साथीचे विकार जहाजावर भराभर पसरतात आणि त्यातल्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही, तेव्हा जेवणाआधी साबणानं हात धुवा.

चढल्यावर पहिलं काम सुरक्षा सरावाचं. कंटाळा करून केबिनमध्ये लपू नका, हजेरी घेतात. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून कलंडली आणि 32 जीव गेले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तेव्हा झालाच नव्हता. त्यानंतर जहाज सुटायच्या आधीच सराव घ्यायची पद्धत रूढ झाली. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणी. आपली जमायची जागा कार्डावर छापलेली असते, तिथंवर एकदा जिन्यानं चालत जाऊन या.

बंदरावर फिरायला उतरलात की घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा; स्थानिक वेळ वेगळी असू शकते. कंपनीची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं, स्वतःच्या टॅक्सीनं गेलेल्यासाठी थांबत नाही. लक्षद्वीपला जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि छोट्या होड्यांतून बेटावर नेतात. गुडघेदुखी असलेल्यांनी त्या चढउताराची आधी चौकशी करावी. वारा वाढला तर उतरणं रद्द होतं, ही शक्यता मनात धरूनच निघा.

शेवटच्या रात्री बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे आणि चपला त्यात गेल्या नाहीत ना बघा. उतरायला गटवार बोलावतात, वर इमिग्रेशन आणि कस्टमची रांग, त्यामुळं दुपारपर्यंतचा वेळ त्यातच जातो. बेळगावची परतीची बस किंवा रेल्वे रात्रीचीच काढा.