सायकलसाठी कुलूप निवडताना
मागच्या चाकाला बसवलेले गोल कुलूप चाक फिरू देत नाही, पण सायकल उचलून टेम्पोत टाकणाऱ्याला ते अडवत नाही. प्लास्टिकच्या वेष्टणातली बारीक केबल तर साध्या कटरने क्षणात तुटते. म्हणून कठीण केलेल्या पोलादाचे यू-लॉक, म्हणजे इंग्रजी U आकाराच्या दांड्याचे कुलूप, घ्यावे आणि दांड्याची जाडी पाहावी, कारण १२ मिलिमीटरहून बारीक दांडा मोठ्या हातकटरपुढे टिकेलच असे नाही, १६ मिलिमीटरचा सहसा टिकतो. (धातू कापणाऱ्या ग्राइंडर यंत्रापुढे मात्र बहुतेक कुलपे हरतात.) कुलूप ऐसपैस नसावे, आत मोकळी जागा राहिली की पहार घालून ते फाकवता येते. ते फ्रेम आणि मागचे चाक यांतून ओवून पक्क्या रोवलेल्या खांबाला अडकवावे. पुढचे चाक हाताने निघणारे असल्यास त्यासाठी वेगळी साखळी घ्यावी.