रिमाइंडर वाजला नाही म्हणून ॲप बदलताय? आधी या चुका टाळा

टू-डू ॲपबद्दलच्या, म्हणजे कामांची यादी ठेवणाऱ्या ॲपबद्दलच्या, तक्रारी ठरलेल्या असतात. रिमाइंडर आला नाही, कामं गायब झाली, तारीख भलतीच पडली. मग प्ले स्टोअरवर जाऊन स्टार बघायचे, नवं ॲप घ्यायचं आणि महिन्याभरात तीच रड पुन्हा सुरू करायची. यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ फोनच्या सेटिंगमध्ये किंवा काम नोंदवण्याच्या पद्धतीत असतं. ते न शोधता केलेली तुलना फुकट जाते.

रिमाइंडर येतच नाही

आधी बघा, रिमाइंडर लावला होता का? मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये ‘ड्यू डेट’ आणि ‘रिमाइंड मी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती ड्यू डेट टाकली की काम यादीत तारखेसह दिसतं, पण ठरल्या वेळी फोन वाजवायचा तर ‘रिमाइंड मी’ वेगळं लावावं लागतं.

लावला होता आणि तरी वाजला नाही, तर संशय अँड्रॉइडवर घ्या. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून फोन पडून असला की ॲप्सची मागे चालणारी कामं रोखली जातात. शाओमी, ओप्पो, विवो अशा कंपन्यांनी त्यावर स्वतःची बॅटरी-बचत चढवली आहे. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक नवं ॲप सूचना पाठवायची परवानगी मागतं, आणि घाईत आपण ‘डोन्ट अलाऊ’ दाबून मोकळे होतो. अँड्रॉइड १४ मध्ये तर नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲप्सना नेमक्या वेळेला अलार्म लावायची परवानगी आपोआप मिळतच नाही. ती ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’मधल्या ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’मध्ये जाऊन द्यावी लागते.

दोष कुठे आहे ते ओळखायला एक साधी चाचणी पुरते. दहा मिनिटांनंतरचा रिमाइंडर लावा, ॲप रीसेंट्समधून (नुकत्याच उघडलेल्या ॲप्सच्या यादीतून) सरकवून काढा, स्क्रीन बंद करा आणि फोनला हात लावू नका. वेळ टळून गेली आणि ॲप उघडल्यावरच सूचना आली, तर बॅटरीचं बंधन आडवं येतंय. ॲप इन्फोमध्ये बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, आणि शाओमी असेल तर ‘ऑटोस्टार्ट’ही चालू करा. सूचना वेळेवर आली पण मुकाट्याने, तर नोटिफिकेशनचा तो प्रकार ‘सायलेंट’वर गेलाय किंवा ‘डू नॉट डिस्टर्ब’ सुरू आहे. ॲप उघडूनही काहीच आलं नाही, तर वरच्या दोन्ही परवानग्या तपासा. फोन ‘स्वच्छ’ करणारी क्लीनर ॲप्स असतील तर ती आधी काढून टाका. ती बाकीची ॲप्स सक्तीने बंद (फोर्स स्टॉप) करू शकतात, आणि तसं झालं की त्या ॲपने लावलेले अलार्मही जातात.

आयफोनवर गुंता कमी. फोकस मोड आणि २०२१ च्या आयओएस १५ पासून आलेली ‘शेड्यूल्ड समरी’ (सूचना साठवून ठरावीक वेळी एकदम दाखवणारी सोय) एवढं पाहिलं तरी बहुधा चोर सापडतो.

दर महिन्याचं काम की झाल्यापासून महिन्याने?

ॲप्सची तुलना करताना माझ्या मते सगळ्यात आधी हे बघावं, आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत. लाईट बिल ठरलेल्या तारखेला भरायचं असतं. मागचं उशिरा भरलं म्हणून पुढचं उशिरा येत नाही. आरओच्या फिल्टरचं तसं नाही. तो ज्या दिवशी बदलला, त्या दिवसापासून पुढचे सहा महिने मोजायचे. दोन्ही कामांना एकच ‘रिपीट’ लावलं की फिल्टर दोन महिने उशिरा बदलूनही ॲप जुन्याच तारखेचा हिशोब धरून चार महिन्यांत पुन्हा मागे लागतं.

टूडूइस्ट या ॲपमध्ये ‘एव्हरी’ लिहिलं तर ठरलेल्या तारखेपासून मोजतात, आणि त्याच्यापुढे उद्गारचिन्ह टाकलं तर काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून. टिकटिकमध्येही हे दोन पर्याय वेगळे मिळतात. गुगल टास्क्स आणि मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये दुसरी सोय नाही. तिथे अशी कामं रिपीट न लावता, एक झालं की पुढची तारीख हाताने टाकणं बरं.

टूडूइस्टला तारीख कामाच्या वाक्यातच टाईप केलेली समजते, पण मराठीत नाही. ‘उद्या’ लिहिलंत तर तो फक्त शब्द राहतो. काम देवनागरीत आणि तारीख इंग्रजीत लिहिली तर चालतं. रोमन लिपीत मराठी टाईप करणाऱ्यांनी मात्र जपून, कारण ‘सात’ हे एस-ए-टी असं लिहिलं की ॲप त्याचा शनिवार करतं आणि एस-यू-एन अशी लिहिलेली सून रविवारी जाऊन बसते. शब्द रंगीत झालेला दिसला की त्यावर बोट टेकवा, तारीख सुटते.

कामं गायब झाली

बहुतेक वेळा ती जागच्या जागी असतात. मायक्रोसॉफ्ट टू डूचं ‘माय डे’, म्हणजे फक्त आजच्या कामांचं पान, रोज रात्री रिकामं होतं, तसंच ते बनवलंय. थेट तिथे लिहिलेली कामं ‘टास्क्स’ या यादीत सापडतात. गुगल टास्क्सबाबत आधी वरच्या कोपऱ्यातला फोटो बघा. ऑफिसच्या खात्यात लिहून घरच्या खात्यात शोधणारे पुष्कळ आहेत. आणि मुळात घरची कामं ऑफिसच्या खात्यात ठेवूच नका. नोकरी सुटली की ते खातं बंद होतं, यादीही त्याच्याबरोबर जाते.

तुलना करायचीच असेल तर

फीचरचे तक्ते बाजूला ठेवा. एक खरं घरगुती प्रोजेक्ट घ्या, उदाहरणार्थ पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग. ‘वॉटरप्रूफिंग करून घेणे’ असं एका ओळीत लिहिलंत तर कुठल्याही ॲपमध्ये ते जूनपर्यंत तसंच पडून राहील. ‘मागच्या वर्षी ओल आलेल्या भिंतीचे फोटो काढणे’, ‘दोघांकडून कोटेशन घेणे’, ‘सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारणे’ अशी मोडून लिहा आणि आठवडाभर दोन ॲप्समध्ये चालवा, त्याहून जास्त नकोत. कोटेशनचा फोटो कामाला जोडता येतो का, कारागीर ‘पुढच्या सोमवारी बघू’ म्हणाला की तारीख किती चटकन ढकलता येते, हे तेवढ्यात कळतं. ट्रेलो या ॲपचा बोर्ड (टप्प्यांच्या रकान्यांत कामांची कार्डं सरकवायचा फळा) अशा टप्प्याटप्प्याच्या कामाला छान, किराणा आणि बिलांना मात्र अवजड. नोशन हे नोंदी आणि याद्यांचं ॲप रविवारी दुपारी सजवत बसायला फार आवडतं. स्टेशनवर उभ्या उभ्या एक ओळ टिपायला तितकंसं नाही.

घरातल्यांबरोबर यादी वाटून घ्यायची असेल तर गुगल टास्क्स बाद, कारण त्यातली वैयक्तिक यादी शेअर होत नाही. थिंग्ज हे ॲप फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालतं, आणि आयफोन, आयपॅड, मॅकसाठी वेगवेगळं विकत घ्यावं लागतं. टूडूइस्टच्या फुकट खात्यात पाच प्रोजेक्ट मिळतात, तेव्हा प्रत्येक खोलीसाठी एक प्रोजेक्ट काढत बसू नका.

पैसे भरण्याआधी यादी बाहेर काढता येते का, तेही बघून ठेवा. वंडरलिस्ट हे टू-डू ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद केलं, तेव्हा ते अनेकांचं लाडकं होतं. टूडूइस्ट आणि टिकटिकमधून सीएसव्ही (तक्त्यासारखी साधी) फाईल निघते, गुगल टास्क्सची यादी ‘टेकआउट’ या गुगलच्या डेटा उतरवून घ्यायच्या सोयीतून मिळते. सीएसव्ही फाईल एकदा काढून उघडून बघा, देवनागरी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसत असतील तर एक्सेलमध्ये थेट न उघडता गुगल शीट्समध्ये इम्पोर्ट करा.