लाखो ओळींचा मजकूर, अक्षरं न हलवता

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या एमएस्सी आणि इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्ट पाहताना एक विषय हमखास भेटतो: केळी आणि तापमान. साहजिक आहे. रावेर-यावल पट्ट्यात घरोघरी केळीचं उत्पन्न, आणि हवामानावर आधारित फळपीक विम्यात किमान तापमान ठरावीक आकड्याखाली सलग किती दिवस राहिलं यावर भरपाई ठरते. मुलं जुन्या नोंदींच्या फायली उतरवून घेतात, ऑक्टेव्ह (मॅटलॅबसारखं गणिताचं मोफत सॉफ्टवेअर) उघडतात आणि मग लॅपटॉप हँग होतो म्हणून विचारायला येतात. त्यांचं गणित बरोबर असतं. गाडी अडते त्याच्या आधी, अक्षरांच्या मांडणीत. हा टप्पा वर्गात फारसा कुणी शिकवत नाही आणि डेटाच्या नोकरीत तो पहिल्याच महिन्यात समोर येतो, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात मेमरीपासून करा. स्क्रीनवर तक्ता, म्हणजे अ‍ॅरे, दिसतो, पण मेमरीत असते एकच लांबलचक रांग. ऑक्टेव्ह आणि मॅटलॅब ही रांग स्तंभास्तंभाने भरतात. फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेपासून चालत आलेली रीत आहे. पायथन भाषेतलं नमपाय हे आकडेमोडीचं पॅकेज, वेगळं सांगितलं नाही तर, ओळीओळीने भरतं. याचा वेगाशी थेट संबंध आहे. प्रोसेसर मेमरीतून एकेक अक्षर आणत नाही, बहुतेक मशीनवर ६४ बाइटांचा तुकडा एकदम उचलतो. केळीच्या बागेत घड उतरवणारा सरीने चालत गेला तर काम उरकतं, प्रत्येक सरीतला एकेक घड घेत आडवा फिरला तर सगळा वेळ चालण्यातच जातो. इथेही तसंच होतं.

यातून दोन क्रियांमधला फरक कळतो, आणि माझ्या मते या विषयातलं निम्मं शहाणपण त्यातच आहे. रीशेप (तक्त्याची लांबी-रुंदी बदलणं) केल्याने अक्षरं जागची हलत नाहीत, फक्त रांगेकडे बघायची मापं बदलतात. ट्रान्सपोज (ओळींचे स्तंभ करणं) आणि पर्म्यूट (मितींचा क्रम बदलणं) मात्र ऑक्टेव्ह-मॅटलॅबमध्ये खरोखर एकेक अक्षर उचलून दुसरीकडे ठेवतात, म्हणजे नवी जागा लागते आणि वेळही जातो. नमपायमध्ये ट्रान्सपोज लगेच होतं, कारण तिथे फक्त पावलाचं माप, म्हणजे पुढच्या आकड्यासाठी मेमरीत किती पुढे जायचं ते, बदलतं. पण पुढे त्या उलट्या अ‍ॅरेवर काम करताना किंमत चुकवावी लागतेच.

आता खरी फाइल घेऊ. अमेरिकेच्या नोआ या सरकारी हवामान संस्थेचा रोजच्या हवामान नोंदींचा जागतिक संग्रह मोफत मिळतो. त्यात १८० देशांतली एक लाखाहून जास्त केंद्रं आहेत. त्याच्या मूळ फायलींत एका ओळीत एका केंद्राचा, एका घटकाचा (किमान तापमान, पाऊस वगैरे), एक महिना असतो. पहिली ११ अक्षरं केंद्राची ओळख (भारतातली केंद्रं आयएन या अक्षरांनी सुरू होतात), मग ४ वर्षाची, २ महिन्याची, ४ घटकाची. त्यानंतर ३१ दिवस, प्रत्येकी ८ अक्षरं: ५ आकड्याची आणि ३ खुणांची. बेरीज २६९, वर ओळ संपल्याची एक खूण, म्हणजे २७०.

नवशिक्याचा सरधोपट मार्ग असा: ओळ वाच, तुकडे पाड, प्रत्येक तुकडा स्ट्रटूनम या मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला दे, आलेला आकडा अ‍ॅरेच्या शेवटी जोड. दहा लाख ओळी असतील तर तीन कोटी दहा लाख तुकडे. स्ट्रटूनम प्रत्येक वेळी मजकूर प्रोग्राम समजून चालवतं, आणि अ‍ॅरे वाढवताना जुना अ‍ॅरे पुन्हा पुन्हा कॉपी होतो. मशीन बसणारच.

त्याऐवजी एफरीड या फाइल वाचणाऱ्या फंक्शनने अख्खी फाइल बाइट म्हणून वाचा, साठवणही एक बाइटचीच ठेवा. हे मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर एफरीड प्रत्येक अक्षराचा ८ बाइटचा आकडा करतं आणि २७ कोटी अक्षरांना २७० एमबीऐवजी दोन जीबीच्या वर जागा लागते. मग एकूण बाइटांना २७० ने नि:शेष भाग जातो का पाहा. नाही गेला, तर विंडोजमधून फिरून आलेल्या फाइलमध्ये ओळीअखेर दोन बाइट आहेत का ते आधी तपासा. भाग गेला की २७० ओळींचा अ‍ॅरे करा: फाइलमधली प्रत्येक ओळ इथे एक स्तंभ झाली. दिसायला आडवं दिसतं म्हणून बहुतेक जण इथेच ट्रान्सपोज करतात. करू नका. डोळ्यांनी बघायचं असेल तर चार-पाच स्तंभ तेवढे उलटे करून छापा. आता २२ ते २६९ हा पट्टा काढा, त्याला ८ गुणिले ३१ गुणिले महिने असा रीशेप द्या, आणि पहिली पाच अक्षरं घ्या.

अक्षरांचे आकडे करण्याची पुढची पायरी मला फार आवडते. शून्य या अंकाचा कोड, म्हणजे मेमरीतला त्याचा क्रमांक, ४८ आहे. एक बाइटच्या धन पूर्णांकातून ४८ वजा केले की अंक हाती येतो. मोकळ्या जागेचा कोड ३२ आणि उणे चिन्हाचा ४५, दोन्ही ४८ पेक्षा लहान; ऑक्टेव्ह-मॅटलॅबमध्ये हा प्रकार शून्याखाली जात नाही, म्हणून दोन्ही आपोआप शून्य होतात. वेगळी साफसफाई लागत नाही. वजाबाकीआधी ४५ कुठे आहे तेवढं शोधून ठेवा, शेवटी चिन्ह लावायला. मग पाच फेऱ्यांचा लूप: आधीचं उत्तर गुणिले दहा, अधिक पुढचा अंक. लूपची भीती बाळगू नका. तीन कोटी तुकड्यांवर फिरणारा लूप आणि पाच स्थानांवर फिरणारा लूप यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उत्तर ४ बाइटच्या पूर्णांकात ठेवा. नमपायमध्ये हीच युक्ती जशीच्या तशी उचललीत तर फसाल: तिथे आकडा शून्यावर न थांबता वरून फिरून येतो, म्हणून ३२ वजा ४८ म्हणजे २४० येतात.

तापमान अंशाच्या दशांशात असतं, म्हणजे ८५ म्हणजे ८.५ अंश. उणे ९९९९ म्हणजे नोंद नाही. पण ३० फेब्रुवारीलाही तोच आकडा असतो. तो दिवस गाळायचा, आणि खरोखर हुकलेला दिवस रिकामा म्हणून ठेवायचा. दोन्ही सरसकट गाळले तर सलग दिवस मोजताना तुटलेली साखळी जोडलेली दिसेल, आणि आपला प्रश्न नेमका सलग दिवसांचाच आहे. अख्खा महिना गायब असेल तर त्याची ओळच नसते, म्हणून वर्ष आणि महिन्याचे अंकही याच पद्धतीने काढून क्रम तपासा. किमान तापमानाच्या ओळी वेगळ्या केल्यावर ३१ गुणिले महिने हा अ‍ॅरे सरळ एका रांगेत उलगडा. स्तंभाने भरलेला असल्यामुळे तारखा आपसूकच क्रमाने येतात.

मराठी मजकुरावर हे करायला जाल तेव्हा जपून. 'जळगाव' लिहायला यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत १५ बाइट लागतात. ऑक्टेव्ह त्याची लांबी १५ सांगतं, मॅटलॅब ५. ऑक्टेव्हमध्ये तो अ‍ॅरे उलटा केलात की अक्षरांचा चुराडा. गावांची नावं अशा अ‍ॅरेत ठेवूच नका. प्रत्येक गावाला क्रमांक द्या, नावांची यादी वेगळी ठेवा.

४ जीबीच्या लॅपटॉपवर फाइल एक लाख ओळींच्या हप्त्यांत वाचा, प्रत्येक हप्ता २७ एमबीचा. टिक आणि टॉक या आज्ञांनी वेळ मोजा, हूज या आज्ञेने जागा बघा, आणि दोन्ही आकडे प्रोजेक्टच्या वहीत लिहून ठेवा. मुलाखतीत 'मोठा डेटा हाताळला आहे का' असं विचारतात तेव्हा हे दोन आकडे आणि ट्रान्सपोज का टाळलं याचं उत्तर प्रमाणपत्रांपेक्षा जास्त कामी येतं.