रोज खिशात किती चाकू बाळगावेत, हे कसे ठरवावे

पहिला घडीचा चाकू आपण गरजेपोटी घेतो. दुसरा बहुधा कोणीतरी भेट देते, तिसरा दुकानात पाहून आवडतो, आणि मग सकाळी घराबाहेर पडताना यांपैकी कोणते खिशात टाकावेत हा प्रश्न खरोखरच पडू लागतो. माझ्या अनुभवात बहुतेकांचे काम एका चाकूत भागते, काही दिवशी एकही नसणे योग्य ठरते, आणि दुसऱ्या चाकूला खिशात जागा मिळण्याचे कारण एकच असते: एका कामाने पाते दुसऱ्या कामासाठी नासते. 'असू द्यावा, लागला तर' हे कारण नव्हे. त्या हिशेबाने संख्या कुठे थांबवावी हे कधीच कळत नाही. म्हणून संख्या आवडीवर न सोडता कामांवरून काढावी, आणि त्याची सुरुवात कागद-पेन्सिलीने करावी.

पहिली पायरी: सात दिवसांची नोंद

एका छोट्या वहीत, किंवा फोनमध्ये, सलग सात दिवस लिहावे की कापण्याची गरज कधी पडली, काय कापले आणि त्या क्षणी दहा पावलांच्या आत दुसरे एखादे साधन होते का. हा तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच भरायचा राहून जातो. घरात विळी, सुरी आणि कात्री असते, कार्यालयात टेबलाच्या खणात कटर असतो. तिथे खिशातला चाकू काढणे ही सवय असते, गरज नसते.

मी ही नोंद पहिल्यांदा केली तेव्हा दोन चाकू आणि एक मल्टिटूल (पक्कड, पाते, पेचकस एकत्र असलेले घडीचे हत्यार) घेऊन फिरत असे. सात दिवसांत कापण्याचे प्रसंग 23 आले: खोक्यांवरची चिकटपट्टी 7 वेळा, पिशव्या आणि पाकिटे 5 वेळा, फळे 5 वेळा, सुतळी आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या 4 वेळा, आणि कपड्याचा सुटलेला दोरा 2 वेळा. त्यांतले 11 प्रसंग घरातले किंवा टेबलाजवळचे होते. उरलेल्या 12 प्रसंगांपैकी एकालाही लांब पाते लागले नव्हते. मल्टिटूल सात दिवसांत एकदाही म्यानातून बाहेर आले नाही. ते सुमारे 240 ग्रॅमचे होते, आणि तेवढे वजन मी वर्षभर कमरेला वागवत होतो.

नोंदीचा आठवडा नेहमीचाच असावा. सहलीचा, लग्नाचा किंवा घर बदलण्याचा आठवडा धरला तर आकडे फुगतात आणि निष्कर्ष चुकतो. शेतात किंवा बागेत काम असणाऱ्यांनी मात्र हंगामातला एक आणि हंगामाबाहेरचा एक असे दोन आठवडे लिहावेत, कारण त्यांचे उत्तर वर्षभर एक राहत नाही.

दुसरी पायरी: कामांची वाटणी, पात्याच्या बाजूने

आता नोंदीतली कामे कापल्या जाणाऱ्या वस्तूवरून न लावता पात्यावर काय परिणाम होतो त्यावरून लावावीत. काही कामांनी पाते मळते, काही कामांनी धार बोथट होते, काही कामांना पाते स्वच्छ लागते, आणि काही थोड्या कामांना धार अगदी कोरी लागते. खोक्यावरची टेप कापून पाहावी, म्हणजे हा फरक लगेच कळतो. टेपचा गोंद पात्याच्या दोन्ही बाजूंना पातळ, धुरकट थरासारखा बसतो. तो पाण्याने निघत नाही, बोटाने पुसला तर पसरतो आणि त्यावर खिशातली धूळ व कापसाचे तंतू चिकटतात. त्याच चाकूने तासाभराने पेरू कापला तर फोडीच्या कडेवर करडी रेघ उमटते. खोबरेल तेलाचे दोन थेंब कापसावर घेऊन मुठीकडून टोकाकडे सावकाश पुसले की गोंद सुटतो, पण प्रवासात हे कोण करत बसणार?

खोक्याचा पुठ्ठाही साधा वाटतो तेवढा निरुपद्रवी नाही. त्यात बारीक कण असतात आणि त्याने धार भाजीफळांपेक्षा कितीतरी लवकर बोथट होते. ज्यांच्या नोंदीत पुठ्ठा आणि फळ दोन्ही वारंवार येतात, त्यांच्याकडे दुसऱ्या चाकूचे पहिले खरे कारण आहे. ज्यांच्याकडे फक्त पुठ्ठा आहे किंवा फक्त फळ आहे, त्यांना ते नाही.

या वाटणीत 'स्वसंरक्षण' नावाचा रकाना ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगतो. घडीचा चाकू उघडायला वेळ लागतो, घाबरलेल्या हाताने तो उघडताना आपलीच बोटे कापली जातात, आणि जी वस्तू अवजार म्हणून निर्धोक असते तीच शस्त्र म्हणून बाळगली की कायद्याच्या नजरेत वेगळी ठरू शकते. त्या हेतूने चाकू मोजायचे असतील तर हा लेख उपयोगाचा नाही.

तिसरी पायरी: शून्याचे दिवस आधी ठरवावेत

शस्त्र नियम, 2016 च्या अनुसूचीत धारदार शस्त्रांच्या वर्गात 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या वस्तू येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. खिशातला दोन-तीन इंचांचा चाकू या मापाच्या खूप आत राहतो. परंतु एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात जे मनाई आदेश निघतात, त्यांत शस्त्रांबरोबर चाकू आणि लाठ्याकाठ्याही येऊ शकतात. असा आदेश लागू असताना गर्दीच्या ठिकाणी जायचे असेल तर त्या दिवशीची संख्या शून्य. आदेशाची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात येते. ती वाचण्याची सवय लावून घ्यावी.

विमानात केबिनमधल्या सामानात चाकू चालत नाही, तो चेक-इन सामानातच ठेवावा लागतो. न्यायालये, सरकारी कचेऱ्या, मॉल, चित्रपटगृहे आणि मेट्रोच्या स्थानकांवर तपासणी असते आणि तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो. आठवड्याच्या वेळापत्रकात असे दिवस आधीच खुणेने दाखवून ठेवावेत.

या बाबतीत सर्वांत फसवा असतो तो किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला चिमुकला चाकू. तो मोजलाच जात नाही. भावाने दिलेला 58 मिलिमीटरचा लाल चाकू माझ्या जुडग्यात नऊ वर्षे होता. एका पहाटे विमानतळावर क्ष-किरण यंत्राने तो दाखवला तेव्हा बॅग आधीच सामानात गेली होती. नेलकटर आणि कात्र्यांनी अर्ध्या भरलेल्या प्लॅस्टिकच्या टोपलीत तो टाकून मला पुढे जावे लागले. तेव्हापासून मी जुडग्यातला चाकूही संख्येत धरतो आणि तो सहज सुटा होईल अशा कडीलाच अडकवतो.

परदेशी असणाऱ्या मराठी वाचकांनी तिथला कायदा वेगळा पाहावा. इंग्लंडमध्ये ठोस कारणाशिवाय जवळ बाळगता येणारा चाकू घडीचा, खटका न लागणारा (म्हणजे उघडल्यावर पाते पक्के न अडकणारा) आणि 3 इंचांपर्यंत धारेचा असावा लागतो. इथे पिकनिकला नेला जाणारा ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा 8 क्रमांकाचा चाकू तिथे दोन्ही अटींत नापास होतो, कारण त्याचे पाते साडेआठ सेंटिमीटर असते आणि ते कड्याने पक्के बसते.

चौथी पायरी: पहिला चाकू असा निवडावा की दुसऱ्याची गरज कमी व्हावी

संख्या कमी ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पहिली निवड नीट करणे. कार्ल एल्सनर यांच्या स्वित्झर्लंडमधील इबाख येथील कारखान्याने 1891 पासून सैनिकांना चाकू पुरवले आणि 1897 मध्ये दोन पात्यांचा हलका 'अधिकाऱ्यांचा चाकू' नोंदवला. त्या दोन पात्यांत आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. मोठे पाते खाण्याच्या वस्तूंसाठी राखावे, लहान पाते टेप, पुठ्ठा आणि सुतळीसाठी वापरावे, आणि ही शिस्त कधीही मोडू नये. खिशात वस्तू एकच राहते, पण काम दोन चाकूंचे होते. 91 मिलिमीटर लांबीचा असा साधा चाकू सुमारे 60 ग्रॅमचा असतो, पँटच्या खिशात तो जाणवत नाही.

पोलादाची जात हवामान पाहून घ्यावी. साधे कार्बन पोलाद धार छान घेते, पण कैरी किंवा लिंबू कापून तसेच ठेवले तर काळे पडते, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत एका रात्रीत त्यावर तांबूस ठिपके येतात. रोज पुसण्याची तयारी नसेल तर स्टेनलेस घ्यावे. लाकडी मुठीचे चाकू दिसायला देखणे असतात, मात्र जुलै महिन्यात मूठ फुगून पाते असे आवळले जाते की नखाने ओढून निघत नाही. अशा वेळी जोर लावू नये. मुठीचे मागचे टोक टेबलावर हलके आपटले की पाते थोडे वर येते.

पाचवी पायरी: दुसऱ्या चाकूची कसोटी

दोन पात्यांचा चाकू घेऊनही जे काम उरते, तेवढ्यासाठीच दुसरा चाकू. याचे मला माहीत असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण कलमे बांधणाऱ्यांचे आहे. कोकणात पावसाच्या सुरुवातीला आंब्याची कोयकलमे (कोयीतून उगवलेल्या रोपावरची कलमे) बांधतात, तेव्हा कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून खोडाला उभी चीर देतात आणि कलमकाडीचे, म्हणजे त्यावर जोडायच्या काडीचे, टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखे करतात. हे तासणे एका ओढीत व्हावे लागते. पाते किंचित जरी बोथट असेल तर काप गुळगुळीत न येता साल चुरगळते, दोन पृष्ठभागांत पोकळी राहते आणि कलम बसत नाही. म्हणून बाग सांभाळणारा जाणकार माणूस कलमाच्या चाकूने प्लॅस्टिकची पट्टीसुद्धा कापत नाही. पट्टीला वेगळा चाकू, कलमाला वेगळा. आंब्याचा चीक पात्यावर चिकटून वाळतो, शिवाय एका झाडाचा रोग दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून कलमाचे पाते मधूनमधून स्पिरिटने पुसावे लागते. इथे दोन चाकू बाळगणे ही चैन नाही, कामाची रीतच तशी आहे. गुलाबाला डोळा भरणाऱ्यांनाही (म्हणजे एका झाडाची कळी दुसऱ्याच्या सालीत बसवणाऱ्यांनाही) हेच लागू आहे.

आपल्या बाबतीत ही कसोटी अशी लावावी: नोंदीत असे एखादे काम आहे का, जे पहिल्या चाकूने केले तर बिघडते किंवा ज्याच्यामुळे पहिला चाकू बिघडतो, आणि ते काम आठवड्यातून किमान दोनदा घराबाहेर येते का? दोन्ही उत्तरे होकारार्थी असली तर दुसरा चाकू घ्यावा. एकच होकारार्थी असेल तर तो चाकू कपाटात, गाडीत किंवा बागेच्या पिशवीत ठेवावा; जिथे काम तिथे चाकू असला की तो अंगावर वागवावा लागत नाही. सह्याद्रीत भटकंतीला जाणाऱ्यांची पाठपिशवी हे त्याचे चांगले उदाहरण आहे: दोर कापायला लागणारा खटक्याचा मजबूत चाकू त्या पिशवीच्या कप्प्यात कायमचा राहावा, सोमवारी कार्यालयात येऊ नये.

तिसऱ्या चाकूची गरज मला व्यवसायाच्या हत्यारपेटीबाहेर कुठे दिसलेली नाही.

सहावी पायरी: जागा आणि देखभाल

प्रत्येक चाकूला एक ठरलेला खिसा असावा, आणि त्या खिशात फोन किंवा नाणी नसावीत. दोन चाकू एकाच खिशात ठेवले तर मुठी एकमेकींवर घासतात, आणि घाईत नको तो हातात येतो. घरी आल्यावर दोन्ही एकाच उंच जागी, मुलांचा हात पोहोचणार नाही असे ठेवावेत. त्याच वेळी धारेची परीक्षाही घ्यावी: वर्तमानपत्राचा कागद एका हाताने धरून वरून खाली कापावा, फाटला तर दगडावर धार लावायची वेळ झाली. जितके चाकू, तितक्या वेळा हे काम येते. महिनाभरात ज्या चाकूला धार लावणे जमले नाही, तो चाकू संख्येतून कमी करावा, कारण बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि ते घसरून हात कापतो.

ठरलेली संख्या दोन आठवडे वापरून पाहावी. या काळात खिशात नसलेल्या चाकूची आठवण किती वेळा आली ते वहीत लिहावे. एकदाही आली नाही तर तो परत आणू नये. माझे आकडे आता असे आहेत: एरवी एक, प्रवासाच्या दिवशी शून्य, आणि जूनच्या मध्यापासून कलमे संपेपर्यंत दोन. कलमांचे काम आटोपले की तो दुसरा चाकू पुसून, पात्याला तेलाचे बोट लावून, कोरड्या फडक्यात गुंडाळून मी कपाटात ठेवतो.